चाळिसाव्या दिवशी

जेमालकाका उठतो, प्याला छातीपाशी धरून.
मयताच्या जेवणात प्याल्याला प्याला लावत नाहीत,
म्हणून नुसता बाकं सरकल्याचा आवाज.
"नाझिब्रोला," तो म्हणतो, "खरी बाई होती."
आणि पावाच्या तुकड्यावर वाइनचे दोन थेंब सांडतो.

खरी बाई.
तीस पुरुष माना हलवतात,
काट्यावर नेमकं वजन पडावं तसे.

मी दारात उभी, हातात भाताची परात.
बारीहून आलेय, चार दिवसांच्या रजेवर.
तिथे सिन्योरा लुचानाला आत्ता दुसरीच कोणी
उचलून खुर्चीत बसवत असेल.

जेमाल सांगतो, मुलगी झाल्यावर चौथ्या दिवशी
ती गवत कापायला गेली.
हे खरं आहे. ती मुलगी मी. गवत थांबत नाही.
ओतारी सांगतो, नवऱ्याने ताटं फोडली
तर हिने मुकाट काचा वेचल्या,
शेजारच्या भिंतीलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.
भिंतीपलीकडे ओतारीच राहायचा.
मुर्मान सांगतो, उभ्या जन्मात
हा उंबरा तिने सोडला नाही.
मग कुणी काही बोलत नाही,
फक्त साठ डोळे
माझ्या पायांतल्या इटालियन बुटांवर येऊन बसतात.

सोनं खरं असतं. तूप खरं असतं.
दुधात पाणी पडलं की ते खोटं.
माझ्यात काय पडलंय?
टेबलावरचं मटण, ही भाड्याची बाकं,
छपराचा नवा पत्रा,
सगळं बारीतल्या म्हाताऱ्यांची दुपटी धुऊन आलेलं,
आणि ती नाणी मात्र
कुणी दगडावर वाजवून पाहिली नाहीत.

स्वयंपाकघरात बायका उभ्यानेच जेवतायत.
गुलीको कढईचा तळ खरवडते.
खरी बाई म्हणजे कोण गं, मी विचारते.
"मेलेली," ती वळूनही न बघता म्हणते.
"जिवंतपणी कुणी म्हणालं होतं तिला?
जिवंतपणी म्हणायचे, नाझिब्रोला, मीठ कमी आहे."
आणि आम्ही सगळ्या
तोंडावर पदर नाही म्हणून
कोपर धरून हसतो.

मी गेले तेव्हा पुलावर सकाळचे सहा वाजले होते.
तिकिटासाठी तिने गाय विकली,
कपाळावर ठिपका असलेली,
आणि गावाला सांगितलं, दरीत पडली.
गाव दोन दिवस तिच्यासोबत हळहळलं.
गाडीत चढताना ती मला म्हणाली,
मागे बघू नकोस, मला उगाच हात हलवावा लागेल.

पाव संपलाय. मक्याच्या भाकऱ्या थापायला हव्यात.
मी लाकडी पेटीत कोपरापर्यंत हात घालते
तर तळाशी प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत पासपोर्ट.
तिचाच. तोच निळा स्वेटर, केस पाण्याने बसवलेले.
माझ्या जाण्याच्या आधीच्या वसंतातला.
मुदत गेल्या साली संपलेली.
सगळी पानं उलटून बघते.
एकही शिक्का नाही. पानं कोरी,
फक्त कडांना पिवळं पीठ.

लिंग, या रकान्यात एकच अक्षर.
कुतैसीच्या कचेरीतल्या माणसाने
तिला गवताचं विचारलं नसेल, काचांचं नाही.
एवढंच म्हणाला असेल, हनुवटी जरा वर.
वर केलीय तिने. जरा जास्तच.

पुलावर उभी होती तेव्हा
तिच्या कोटाचा एक खिसा फुगलेला होता का?
आठवत नाही. मी मागे बघितलं नाही.

गुलीको म्हणते, काय सापडलं?
काही नाही, मी म्हणते,
आणि पासपोर्ट कमरेला खोचते, पोटाला गार लागतो.
काळ्या स्कर्टवर पिठाचे पाच डाग उमटलेत,
झटकले तर पसरतात.

बाहेरच्या खोलीत सातवा प्याला उठलाय.
आवाज ओळखू येत नाही, पण कुणीतरी
मीठ मागतंय.